जहाजावरची नोकरी विकत घेऊ नका

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या जुन्या दगडी इमारतींच्या पलीकडे आता देशातलं सर्वांत मोठं क्रूझ टर्मिनल उभं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवाशांची ये-जा सांभाळण्याची त्याची क्षमता आहे. जहाज सुटायच्या दिवशी इथे चाकांच्या बॅगा, नव्या कोऱ्या टोप्या, आजी-आजोबांना सोबत घेऊन निघालेली कुटुंबं आणि लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करायला चाललेली जोडपी दिसतात. कुणी गोव्याला चाललेलं असतं, कुणी लक्षद्वीपला.

इथून चालत जाता येईल अशा अंतरावर, कमानी मार्गावर, नौभवन आहे. दर्यावर्दींच्या सरकारी कागदपत्रांचं काम या इमारतीत चालतं. इथे येणाऱ्यांच्या हातात प्लास्टिकची फाइल असते. तिच्यात पासपोर्ट, दहावीची गुणपत्रिका, हॉटेल मॅनेजमेंटची पदविका, कुठल्यातरी पंचतारांकित हॉटेलचं अनुभवपत्र आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. सावंतवाडी, कुडाळ, मडगाव, वसई, रत्नागिरी अशा गावांमधून आलेली ही मुलं. जहाजावर जायचं हे त्यांचंही स्वप्न आहे, पण कामगार म्हणून. जहाजाच्या शिडीपर्यंत पोचण्याआधीच त्यांच्यापैकी अनेकांचे पैसे, उमेदीची वर्षं आणि माणसांवरचा विश्वास संपून जातो.

या लेखासाठी मी अशा मुलांशी, सुट्टीवर घरी आलेल्या क्रूझ कामगारांशी आणि निवृत्त गोवेकर दर्यावर्दींशी बोलले. नावं छापू नका, ही अट जवळजवळ सगळ्यांनी घातली. पुढचं कॉन्ट्रॅक्ट अडेल, ही भीती त्यामागे आहे. भीती खरी आहे, म्हणून अट पाळली आहे.

वाढता धंदा

क्रूझचा धंदा झपाट्याने वाढतो आहे. २०१९ साली जगभरात सुमारे तीन कोटी लोकांनी समुद्रावर सुट्टी घालवली. कोविडने दोन वर्षं सगळं थांबवलं, पण २०२३ मध्ये हा आकडा पुन्हा तीन कोटींच्या पुढे गेला आणि २०२४ मध्ये साडेतीन कोटींच्या जवळ पोचला. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाला वीस डेक आहेत. ते पूर्ण भरलं तर सात हजार सहाशे प्रवासी मावतात आणि त्यांच्या दिमतीला २,३५० कर्मचारी असतात. कोकणातल्या कित्येक गावांची लोकसंख्या याहून कमी आहे.

आपल्याकडचा इतिहास मात्र अडखळत गेलेला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही क्रूझ सुरू झाली. २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘कर्णिका’ आली. २०२० मध्ये तिची कंपनी बंद पडली आणि जहाज अलंगला भंगारात गेलं. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून फेऱ्या करू लागली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मुंबई बंदरातच ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा केली. २०२९ पर्यंत समुद्री क्रूझचे दहा लाख प्रवासी आणि चार लाखांहून अधिक रोजगार, असं उद्दिष्ट त्यात मांडलं आहे. रोजगाराचा हा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, कोकणातल्या घराघरांत तो वाचला जातो आणि ‘जहाजावर लावतो’ म्हणणाऱ्यांची दुकानं जोरात चालू लागतात.

पाण्याच्या पातळीखाली

प्रवाशाला दिसतं ते जहाज आणि कामगार राहतो ते जहाज, ही दोन वेगळी जगं आहेत. कामगारांच्या खोल्या बहुधा खालच्या डेकवर असतात. कित्येक जहाजांवर त्या पाण्याच्या पातळीखाली असतात. दोघांत एक खोली, वर-खाली बंक, खिडकी नाही. खालच्या डेकवर जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा लांबलचक मार्ग असतो. अमेरिकेहून सुटणाऱ्या जहाजांवर त्याला तिथल्या महामार्गाच्या नावाने ‘आय-९५’ म्हणतात. सामानाच्या गाड्या, कपड्यांचे ढीग, कचऱ्याचे डबे आणि धावणारी माणसं या सगळ्यांची वर्दळ तिथेच.

जहाजावर डेक, इंजिन आणि हॉटेल असे तीन मोठे विभाग. क्रूझवरचे बहुतेक कामगार हॉटेल विभागात असतात. गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, सर्वांत खालची पायरी युटिलिटीची. भांडी, फरशी, कचरा हे त्याचं काम. वर कॉमी, मग शेफ द पार्टी, मग सू शेफ. डायनिंग हॉलमध्ये असिस्टंट वेटर आणि वेटर. खोल्यांसाठी स्टेटरूम अटेंडंट. कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं. त्या काळात आठवड्याची सुट्टी नाही, सातही दिवस काम. मग दीड-दोन महिने घरी. बहुतेक कंपन्यांत त्या दिवसांचा पगार मिळत नाही.

सर्वांत कठीण दिवस टर्नअराउंडचा. पहाटे जहाज बंदराला लागतं. सकाळी हजारो प्रवासी उतरतात आणि दुपारी तितकेच नवे चढतात. मधल्या काही तासांत प्रत्येक खोली नवी दिसली पाहिजे. एका अटेंडंटकडे पंधरा-वीस खोल्या असतात. सिंधुदुर्गातला एक अटेंडंट सुट्टीवर घरी आला होता. दुखरा खांदा चोळत तो म्हणाला, “डॉलर सगळ्यांका दिसतत, झोप कोणाक दिसणा नाय.”

पगाराचं गणितही समजून घ्यायला हवं. युटिलिटीच्या हाती महिन्याला साधारण सहाशे ते आठशे डॉलर पडतात. टिपवर चालणाऱ्या वेटरला किंवा अटेंडंटला त्याच्या दुप्पट किंवा अधिक मिळू शकतात. राहणं आणि जेवण कंपनीचं, त्यामुळे बचत होते. गावात घर उभं राहतं, बहिणीचं लग्न होतं, भावाचं शिक्षण पुरं होतं. या कामाचं आकर्षण खोटं नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. अनेक अमेरिकी जहाजांवर प्रत्येक प्रवाशाच्या बिलात दिवसाला सोळा ते वीस डॉलर ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून आपोआप लावले जातात. काही प्रवासी शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ती रक्कम काढून टाकायला सांगतात. ते पैसे भांडवलदाराच्या खिशातून जात नाहीत. ज्याने आठवडाभर खोली आवरली, त्याच्या कमाईतून जातात.

जुनं नातं

समुद्रावरच्या पाहुणचाराशी आपलं नातं आजच्या क्रूझपेक्षा कितीतरी जुनं आहे. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर सलून विभाग, म्हणजे जेवणखाण आणि प्रवाशांची देखभाल, मोठ्या प्रमाणावर गोवेकरांच्या हाती असे. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान सारंग आणि खलाशी असत. गोव्यात या माणसांना तारवटी म्हणतात. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून सालसेत आणि बार्देशातली घरं उभी राहिली, चर्चची फेस्तं साजरी झाली, मुलं शिकली.

जहाजाची वाट पाहत हे तारवटी मुंबईत राहत ते कुडांत, म्हणजे गावाच्या क्लबांत. धोबी तलावाच्या परिसरात, जेर महाल आणि आसपासच्या इमारतींत, गोव्यातल्या एकेका गावाच्या नावाचा एकेक क्लब होता. काही आजही आहेत. तिथे माफक पैशांत झोपायला जागा मिळे, भिंतीशी एक पेटी ठेवता येई, संध्याकाळी वेदीसमोर रोझरी म्हटली जाई. सालसेतमधले एक निवृत्त स्टुअर्ड त्या दिवसांबद्दल भरभरून बोलत होते. कोणत्या कंपनीत भरती आहे, कोणता माणूस विश्वासाचा, कुणाला लाच दिल्याशिवाय काम होत नाही, ही सगळी माहिती कुडात तोंडी फिरायची. फसवणूक तेव्हाही होती. पण फसवणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळायचं.

आज ती जागा मोबाइलने घेतली आहे. व्हॉट्सअॅपवर जाहिरात येते. तिच्यावर मोठ्या कंपनीचं चिन्ह, पांढऱ्या जहाजाचा फोटो, ‘अनुभवाची गरज नाही’, ‘व्हिसाची हमी’, ‘जागा मर्यादित’. ती पाठवणारा माणूस कोण, हे विचारायला गावाचा क्लब उरलेला नाही.

शोधाची वाट

प्रामाणिक मार्ग कसा असतो, तो पायरीपायरीने सांगते, कारण फसवणूक याच पायऱ्यांच्या मध्ये घडते.

आधी पासपोर्ट आणि नौवहन महासंचालनालयाचा इंडोस क्रमांक, म्हणजे दर्यावर्दीचा सरकारी ओळख क्रमांक. मग मान्यताप्राप्त संस्थेत सुरक्षेचं मूलभूत प्रशिक्षण. समुद्रात जीव कसा वाचवायचा, आग कशी विझवायची, प्रथमोपचार, जहाजावरची वैयक्तिक सुरक्षा आणि जबाबदाऱ्या, आणि सुरक्षाविषयक एक वेगळा कोर्स. प्रवासी जहाजासाठी गर्दी हाताळण्याचं प्रशिक्षणही लागतं. मग महासंचालनालयाकडून सीडीसी, म्हणजे दर्यावर्दीचं सरकारी पुस्तक. मान्यताप्राप्त डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी, पिवळ्या तापाची लस. जहाज अमेरिकेहून सुटणारं असेल तर सी-१/डी व्हिसा. त्याची मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते आणि तिथे जहाज कंपनीचं पत्र लागतं. म्हणजे नोकरी आधी, व्हिसा नंतर. ‘आधी व्हिसा काढून देतो, मग नोकरी बघू’ म्हणणारा माणूस इथेच खोटा पडतो.

पहिली कोंडी अनुभवाची. बहुतेक कंपन्यांना चांगल्या हॉटेलात एक-दोन वर्षं काम केलेला माणूस हवा असतो. चांगलं हॉटेल नवख्याला प्रशिक्षणार्थी म्हणून घेतं आणि पुष्कळदा तुटपुंज्या विद्यावेतनावर राबवतं. दुसरी कोंडी इंग्रजीची. मराठी शाळेत शिकलेला, हाताने उत्तम स्वयंपाक करणारा मुलगा व्हिडिओ कॉलवरच्या दहा मिनिटांच्या मुलाखतीत गोंधळतो आणि बाहेर पडतो. तिसरी कोंडी वाट पाहण्याची. निवड झाली म्हणजे जहाज मिळालं असं नसतं. जहाजावरचा माणूस उतरतो तेव्हा त्याच्या जागी दुसरा लागतो, म्हणून निवडलेला उमेदवार यादीत पडून राहतो. आठवडे जातात, महिने जातात. वैद्यकीय दाखल्याची मुदत संपते, तो पुन्हा काढावा लागतो. हातातली हॉटेलची नोकरी सोडावी की धरून ठेवावी, कुणीच सांगत नाही.

या तिसऱ्या कोंडीत दलाल भेटतो. बेलापूरला भेटलेल्या एका मुलाने मला त्याची पद्धत सांगितली. पहिल्यांदा ‘रजिस्ट्रेशन’चे थोडे पैसे. मग कोर्स ‘आमच्याच ओळखीच्या’ संस्थेत. मग मुलाखत, आणि तिच्यात लगेच निवड. मग कंपनीच्या नावाचं पत्र, त्यावर रंगीत शिक्का. मग ‘प्रोसेसिंग’, ‘तिकीट’, ‘व्हिसा’. दर वेळी रक्कम आधीपेक्षा मोठी, आणि दर वेळी मागे फिरणं आधीपेक्षा अवघड, कारण आधीचे पैसे बुडतील ही भीती. त्याच्या आईने सोनं गहाण ठेवलं होतं. रुजू व्हायची तारीख तीनदा पुढे गेली. मग एक दिवस ऑफिसच्या दाराला कुलूप होतं आणि फोन बंद होता. पोलिसात तक्रार द्यायला तो धजावला नव्हता. गावात हसं होईल, ही लाज त्याला पैशांपेक्षा जड वाटत होती.

कायदा काय म्हणतो

दर्यावर्दींना नोकरी मिळवून देण्यासाठी त्यांच्याकडून पैसे घेता येत नाहीत. हे कुणाचं मत नाही, हा कायदा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आहे. भारताने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वीकारला. भरतीचा खर्च दर्यावर्दीने द्यायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. वैद्यकीय दाखला, दर्यावर्दीचं पुस्तक आणि पासपोर्ट किंवा तशी प्रवासाची कागदपत्रं, एवढाच खर्च त्याच्यावर टाकता येतो. व्हिसाचा खर्च जहाजमालकाने करायचा. भारतात भरतीचं काम करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. २०१६ चे नियम या संस्थांना दर्यावर्दीकडून सेवाशुल्क घ्यायला मनाई करतात.

त्याच करारात कामाचे तासही ठरलेले आहेत. चोवीस तासांत जास्तीत जास्त चौदा तास काम आणि आठवड्यात जास्तीत जास्त ७२ तास, किंवा चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती. जहाजावर चढण्याआधी लेखी करार हातात पडला पाहिजे. कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर घरी परत आणण्याचा खर्च मालकाचा.

मग हे सगळं असूनही माणूस का फसतो? एक कारण जहाजाच्या झेंड्यात आहे. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेली असतात. कंपनीचं कार्यालय मायामीत, झेंडा बहामाचा, कामगार मालवणचा आणि भरती करणारा नवी मुंबईत. दुखापत झाली की दाद कुठे मागायची, हाच पहिला प्रश्न. अमेरिकी न्यायालयांनी कित्येक प्रकरणांत करारातली लवादाची अट मान्य करून कामगाराला परक्या देशातल्या लवादाकडे पाठवलं आहे.

दुसरं कारण आपल्याकडचं. परवानाधारक संस्थांची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे, बोगस संस्थांबद्दल इशारेही निघतात. पण ती माहिती इंग्रजीत, कार्यालयीन भाषेत आणि अशा जागी आहे, जिथे कुडाळच्या मुलाचं बोट सहज पोचत नाही. दलालाची जाहिरात मात्र मराठीत असते आणि ती थेट त्याच्या खिशातल्या मोबाइलवर येते.

संकट येतं तेव्हा

नोकरीचा शोध घेताना कुणी विचारत नाही, पण विचारायला हवा असा एक प्रश्न आहे: जहाजावर संकट आलं तर आपली किंमत किती?

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ विलगीकरणात अडकली. जहाजावर ३,७११ माणसं होती. त्यांपैकी सातशेहून अधिक जणांना कोविडची लागण झाली. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांतले १३२ कर्मचारी. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते, पण त्यांच्या दारापर्यंत जेवण पोचवायचं काम कर्मचाऱ्यांनाच करावं लागत होतं आणि रात्री ते त्याच सामायिक खोल्यांत झोपत होते. पुढच्या महिन्यांत जगभरची क्रूझ जहाजं थांबली आणि हजारो कामगार समुद्रावर अडकून पडले. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’वरचे जवळपास दीडशे भारतीय मुंबईत उतरू शकले, तेही सरकारने कामगार बदलीचे नियम नव्याने ठरवल्यावर. त्यांत मोठी संख्या गोवेकरांची होती.

त्याआधी, १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं. ३२ माणसं दगावली. त्यांत मुंबई परिसरातला एक वेटर होता. त्याचा मृतदेह सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये मिळाला. प्रवाशांना जीवरक्षक नावेपर्यंत नेण्याचं प्रशिक्षण वेटरला आणि अटेंडंटला का दिलेलं असतं, हे अशा रात्री कळतं. ट्रे उचलणाऱ्या हातावर शेकडो जिवांची जबाबदारी असते. दलालाने दिलेलं बनावट प्रमाणपत्र म्हणूनच केवळ पैशांची फसवणूक नसते. आग लागली तर काय करायचं हे ठाऊक नसलेला माणूस त्यामुळे जहाजावर चढतो.

काय करता येईल

क्रूझ भारत मिशनमधून चार लाख रोजगार द्यायचे असतील, तर ते कोणत्या दाराने मिळणार, हे सरकारने आधी सांगावं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या प्रत्येक जिल्हा रोजगार कार्यालयात आरपीएसएल संस्थांची यादी मराठीत आणि कोकणीत लावणं अवघड नाही. हॉटेल मॅनेजमेंटच्या महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाला सागरी भरतीचे नियम आणि कामगारांचे हक्क शिकवावेत. जहाजाची वाट पाहणाऱ्या मुलांसाठी मुंबईत पुन्हा एखादं सार्वजनिक ठिकाण हवं, जिथे माहिती फिरेल आणि फसवणाऱ्याचं नाव उघड होईल. नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडियासारख्या संघटना मुंबईत आहेत. नोकरी लागण्याआधीही त्यांच्याकडे जाता येतं, हे गावोगाव कळायला हवं.

प्रवाशांनाही एक सांगणं आहे. क्रूझवर जाणं वाईट नाही, मजा करणंही वाईट नाही. पण टिपची रक्कम काढून टाकू नका, अटेंडंटचं नाव विचारा, आणि प्रवास संपल्यावर कंपनीला पाठवायच्या अभिप्रायात ते नाव लिहा. त्याचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट अशा अभिप्रायांवर अवलंबून असू शकतं.

आणि जहाजावर जायचं ठरवलेल्या मुलामुलींना, त्यांच्या आईवडिलांना शेवटचं सांगते. ज्या क्रूझ कंपनीचं नाव सांगितलं जातं, तिच्या अधिकृत संकेतस्थळावर भारतातल्या भरती संस्थेचं नाव आहे का, ते पाहा. ती संस्था नौवहन महासंचालनालयाच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का आणि परवान्याची मुदत शिल्लक आहे का, ते तपासा. लेखी करार हातात आल्याशिवाय हातातली नोकरी सोडू नका. फसले असाल तर लाजू नका, पोलिसांकडे आणि महासंचालनालयाकडे तक्रार करा. तुमच्या गप्प राहण्यावरच दलालाचं पुढचं गिऱ्हाईक अवलंबून आहे. नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस एक तर खोटी नोकरी विकतो आहे किंवा खरी नोकरी बेकायदा विकतो आहे. दोन्ही वेळा त्याला एक रुपयाही देऊ नका.